तो पोर, ती पोर, ते पोर



पत्रिका छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी कर्जत-खालापुरातल्या या स्मृती-व्याख्यानमालेच्या एका कार्यकर्त्याचा मला फोन आला. आवाज जरा दबका. "सर, विषयात 'लिंग' हा शब्द आहे. पत्रिका घरोघर जाते. दुसरा एखादा शब्द चालेल का?" मी म्हटलं, "अरे, हा शब्द तुला मीच सहावीत शिकवला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून. तेव्हा कुणी लाजलं नव्हतं." तो हसला, आणि शब्द पत्रिकेवर राहिला. त्याबद्दल आयोजकांचे आभार मानतो.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. त्यातला लिंगविचार हा माझा आवडता धडा. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना एकच सर्वनाम पुरतं, हिंदीत दोन लिंगांवर भागतं, आपल्याकडे तीन. शिवाय कुठलाही नियम धड टिकत नाही. वेळ, बाग, ढेकर, तंबाखू, व्याधी हे शब्द कुणी पुल्लिंगी वापरतं, कुणी स्त्रीलिंगी. घाटावरची सून कोकणात आली की पहिले काही महिने यावरूनच हसणं चालतं. आणि 'पोर' हा शब्द तर तिन्ही घरचा पाहुणा. तो पोर, ती पोर, ते पोर. तिन्ही बरोबर, परीक्षेत तिन्हींना मार्क. 'मूल' हा शब्द नपुंसकलिंगी. बाळ घरात आलं की 'ते' रडतं, 'ते' झोपतं, 'ते' हसतं. त्याचं 'तो' किंवा 'ती' व्हायला आपली भाषा घाई करत नाही.

आज मी या धड्याबद्दल बोलणार आहे, कारण याच धड्याच्या तासाला माझ्या हातून एक चूक झाली.

खालापूर तालुक्यातली एक शाळा. नाव सांगत नाही. शाळेचा दोष नव्हता, माझा होता. सातवीचा वर्ग. एक मुलगा होता, आवाज कोवळा, चालणं हलकं, रांगोळी अशी काढायचा की पंधरा ऑगस्टला बाई त्याच्याकडूनच काढून घ्यायच्या. वर्गात त्याला एक टोपणनाव होतं. ते काय होतं हे तुम्ही ओळखलं असेल, मी ते इथे उच्चारत नाही. मी फळ्यावर तीन रकाने केले आणि उदाहरणं मागितली. पुल्लिंग, मुलांनी भराभरा सांगितली. स्त्रीलिंग, तीही झाली. तिसऱ्या रकान्यापाशी आलो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी त्या मुलाचं नाव घेतलं. वर्ग खदखदून हसला.

मीही हसलो. दोनच सेकंद. नंतर "गप्प बसा रे" म्हटलं आणि 'पुस्तक', 'झाड' लिहून मोकळा झालो. पण तो मुलगा मागच्या बाकाकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर पट घसरतोच. कातकरी वाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि मुलं त्यांच्यामागे जातात. त्यामुळे एक मुलगा गेल्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. पण त्याचं घर कुठल्याही भट्टीवर गेलेलं नव्हतं. शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होतं. मी एकदा गेलो, आजी म्हणाली, "नाय म्हणतो यायला." वर्षअखेरीस शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: घरगुती अडचण.

तो मुलगा पुढे कोण झाला, मला माहीत नाही. त्याला स्वतःबद्दल काही वेगळं वाटत होतं की नुसती रांगोळी आवडत होती, हेही माहीत नाही. आणि शाळेला ते माहीत असण्याची गरजही नव्हती. हा मुद्दा मी मुद्दाम आधीच सांगतो, कारण या विषयावर बोलायला लागलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे तो नक्की कोण होता?" शरीराची घडण ही एक गोष्ट. आपण मुलगा की मुलगी की आणखी काही, ही मनातली ओळख दुसरी गोष्ट. मोठेपणी कुणाबद्दल ओढ वाटेल ही तिसरी. आणि रांगोळी आवडणं ही चौथी, तिचा पहिल्या तिन्हींशी संबंध असेलच असं नाही. आपल्या वर्गात मात्र या चौघींना मिळून एकच शिवी आहे.

त्या शिवीकडे जरा व्याकरणाच्या मास्तरासारखं बघा. मुलगी झाडावर चढली, सायकल पिटाळली, भांडणात पुढे झाली, तर आपण तिला 'मर्दानी' म्हणतो आणि तो गौरव असतो. मुलगा हळवा झाला, पटकन रडला, तर तो 'बायकी'. तिला पुरुषासारखं म्हटलं की ती वर चढते, त्याला बाईसारखं म्हटलं की तो खाली उतरतो. म्हणजे 'बायकी' या शब्दात त्या मुलाच्या आधी बाईचा अपमान आहे. बाई असणं ही कमीपणाची गोष्ट आहे हे ज्या वर्गाला मनातून पटलेलं असतं, तोच वर्ग हा शब्द उच्चारून हसू शकतो. माझं आजचं म्हणणं एवढ्यातच आहे. 'मुलगा-मुलगी समान' हा एक विषय आणि तृतीयपंथी किंवा वेगळ्या मुलांचा प्रश्न हा दुसरा, शहरातून आलेला विषय, अशी आपण केलेली वाटणी चुकीची आहे. तो एकच धडा आहे. वर्ग झाडण्याचा झाडू कुणाच्या हातात असतो, तिथे तो सुरू होतो.

साने गुरुजींना हे कळलं होतं. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली पहिल्या रात्रीची गोष्ट आठवा. वटसावित्रीचं व्रत, आई तापाने आजारी, वडाला प्रदक्षिणा घालणार कोण? ती श्यामला सांगते. श्यामला लाज वाटते, पोरं हसतील, बायकांचं व्रत मुलगा करतो म्हणून चिडवतील. आई त्याची समजूत घालते आणि तो जातो. मी ही गोष्ट वर्षानुवर्षं वर्गात सांगितली. दर वेळी तिच्यातून मातृभक्ती काढली आणि फळ्यावर 'तात्पर्य' लिहिलं. श्यामच्या त्या लाजेबद्दल मुलांना एक प्रश्नही विचारला नाही. पोरं का हसली असती? त्यात हसण्यासारखं काय होतं? कोकणातलीच ही गोष्ट, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली. सगळा धडा त्यात आयता होता आणि आम्ही तो ओलांडून पुढे गेलो.

सावित्रीचं नाव निघालं म्हणून पुढचं. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री समिती' असायला हवी. ती कागदावर आहे की प्रत्यक्षात, हे पाहायची वेळ आपल्यावर केव्हा आली, ते या सभागृहातल्या प्रत्येकाला आठवतं. २० ऑगस्ट २०२४. बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं आणि लोक रुळांवर उतरले. दिवसभर कर्जतची गाडी पुढे सरकली नाही. माणसं स्टेशनांवर अडकून पडली आणि तरी, मी स्वतः ऐकलं, शिव्या आंदोलकांना पडत नव्हत्या. त्यानंतर शाळांत कॅमेरे आले, समित्यांच्या याद्या घाईघाईने भरल्या गेल्या, तक्रारपेट्यांना नवी कुलपं लागली. हे सगळं हवंच. पण तक्रारपेटीत चिठ्ठी टाकायला आधी मुलाकडे शब्द लागतो. आपल्या शरीराच्या अवयवाचं नाव घ्यायची ज्याला बंदी आहे, ते मूल चिठ्ठीवर काय लिहिणार? आणि आधीच ज्या मुलाच्या नावावर वर्ग हसतो, त्याची चिठ्ठी कोण खरी मानणार?

शब्द न देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तो देऊ पाहणाऱ्यांचीही. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. पण कोर्टात त्यांनी मांडलेला मुद्दा आजही जुना झालेला नाही: माणसाने शंका विचारली आणि जाणकाराने उत्तर दिलं, यात विकृती कसली? पुढे सत्तरेक वर्षांनी, २००७ साली, किशोरवयीन शिक्षणाच्या पुस्तिकांतल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो कार्यक्रम थांबवला. त्या वर्षी आमच्या शाळेत आलेला संच गठ्ठा न सोडताच परत गेला. कुणीही तो वाचलेला नव्हता. आक्षेप घेणाऱ्यांनी तरी वाचला होता का, मला शंका आहे.

गंमत अशी की पुढच्याच वर्षी, मुंबईत, महानगरपालिकेच्या शाळांत एक चांगलं काम सुरू झालं. कोरो, टाटा समाजविज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू या संस्थांनी मिळून सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी लिंगभाव समानतेचा कार्यक्रम घेतला. 'जेम्स' हे त्याचं नाव. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही. खेळ, नाटुकली, गटचर्चा, आणि प्रत्येक मुलासाठी एक डायरी. घरात पाणी कोण भरतं, ताटात शेवटी कोण बसतं, मारामारीत 'बांगड्या भर' का म्हणतात, हे मुलांनीच मांडायचं आणि मुलांनीच वाद घालायचा. पुढे त्यातले घटक राज्याने आपल्या शालेय कार्यक्रमात घेतले. आपल्या शाळांतल्या मुलामुलींच्या मीना-राजू मंचातही हा धागा आहे. पण मंच म्हणजे पावसाळ्यात एक दिवस, फोटो, अहवाल, असं त्याचं होऊन बसलं आहे. शिक्षकांना दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्या की डोंगरावरच्या द्विशिक्षकी शाळेत दोन माणसं चार वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीच्या याद्या आणि ऑनलाइन माहिती एवढं सगळं ओढतात. त्यांच्या डोक्यावर आणखी एक 'विषय' ठेवा असं मी म्हणणार नाही. नवा विषय आला की नवी नोंदवही येते, आणि नोंदवही भरली की विषय संपतो.

पाठ्यपुस्तकाने मात्र एकदा न बोलता काम केलं. २०१९ साली दुसरीची नवी पुस्तकं आली. बालभारतीने चित्रं बदलली होती. आईबरोबर बाबा भाजी निवडत बसलेले, डॉक्टर बाई, इस्त्री करणारा पुरुष. त्याच वर्षी गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'ऐवजी 'साठ तीन' असं आलं आणि अख्खा महाराष्ट्र आकड्यांवरून भांडत बसला. विधिमंडळापासून लोकलच्या डब्यापर्यंत सगळीकडे साठ तीन. त्या गोंधळात बाबा निवांत भाजी निवडत राहिले! मला वाटतं, ते बरंच झालं. चर्चा झाली असती तर कदाचित भाजी पुन्हा एकट्या आईकडे गेली असती.

चर्चा झाली की काय होतं, ते दोन वर्षांनी दिसलं. २०२१ साली एनसीईआरटीने तृतीयपंथी आणि वेगळी लिंगओळख असलेल्या मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं, यावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. स्वच्छतागृह, गणवेश, हजेरी, चिडवाचिडवी, असे रोजचे प्रश्न तिच्यात होते. तक्रार झाली, बालहक्क संरक्षण आयोगाने स्पष्टीकरण मागितलं आणि काही दिवसांत पुस्तिका संकेतस्थळावरून उतरवली गेली. तिच्यातले औषधोपचारांचे उल्लेख लोकांना खटकले होते. त्यावर वाद घालायला हरकत नव्हती. ती पानं बाजूला ठेवून बाकीची ठेवता आली असती. पण आपल्याकडे दोन पानं खटकली की पुस्तक जातं. तेही अशा वेळी, की २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिलेली होती आणि २०१९ च्या कायद्याने शाळांवर भेदभाव न करण्याची जबाबदारी टाकलेली होती. कर्तव्य सांगितलं आणि ते कसं पार पाडायचं हे सांगणारा कागद काढून घेतला.

पालक मला विचारतात, "सर, इतक्या लहान वयात हे कशाला?" हा प्रश्न मी टाकून देत नाही. विचारणारी आई वाईट नसते, घाबरलेली असते. तिला वाटतं, शाळेत बोललं की मुलाच्या डोक्यात भरेल. मी तिला २०११ ची जनगणना सांगतो. त्या वेळी पहिल्यांदा स्त्री-पुरुषांखेरीज तिसरा रकाना आला. देशात ४ लाख ८७ हजार ८०३ माणसं त्यात मोजली गेली, महाराष्ट्रात ४० हजार ८९१. त्या देशभरच्या आकड्यात ० ते ६ वयाची मुलं ५४ हजार ८५४ होती. त्यांच्या डोक्यात कुठल्या शाळेने काय भरलं होतं? त्यातली बहुतेक अजून शाळेतच गेलेली नव्हती. प्रगणकाला उत्तर घरातल्या मोठ्यांनीच दिलेलं असणार. त्या रकान्यातल्या माणसांचं साक्षरतेचं प्रमाण ५६ टक्के आणि देशाचं ७४. या अठरा टक्क्यांच्या दरीत माझ्या वर्गातल्यासारखे किती तास असतील, याचा मी विचार करतो.

'आपल्या संस्कृतीत हे बसत नाही' असंही म्हणतात. हे म्हणणारा माणूस बहुधा वारकरी असतो. ज्या देवाला तो 'विठूमाऊली' म्हणतो, तो देव पुरुष आहे. ज्ञानेश्वरांना तो 'माऊली' म्हणतो. ज्ञानेश्वरी सांगितली त्या नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे. विष्णूचं ते स्त्रीरूप. आपल्याकडे शिमग्याला सोंगं निघतात, त्यात लुगडं नेसलेला एक पुरुष असतोच. बालगंधर्वांनी शालू नेसला आणि घरंदाज बायका तसा पदर घ्यायला शिकल्या. रंगमंचावर, देवळात, सणाला आपल्याला हे सगळं चालतं. फक्त दुपारी साडेबाराला सातवीच्या वर्गात चालत नाही. मुलींच्या बाजूनेही तसंच. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते आणि विधी पुढे नेते. बाई लग्न लावू शकते हे इथल्या मुलाने मांडवात पाहिलेलं असतं. शाळेत येऊन तो शिकतो की मॉनिटर मुलगा असतो.

२०१७ साली सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं. गाव त्यांना माऊली म्हणतं. त्या गावाला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, पुस्तिका वाचायला दिली नव्हती. गावं शाळांपेक्षा शहाणी असू शकतात, हे मास्तर म्हणून कबूल करायला जड जातं.

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक आयतं साधन आपल्या दारातच आहे. कर्जतचं भात संशोधन केंद्र. 'कर्जत' नावाने निघालेली भाताची वाणं आपल्या शेतात आहेत. 'सह्याद्री' हे संकरित भातही इथलंच. मुलांना एकदा तिथे न्या आणि भाताचं फूल भिंगातून दाखवा. एकाच फुलात सहा पुंकेसर आणि स्त्रीकेसर. हाताने संकर करायचा तर माणसाला चिमट्याने पुंकेसर काढावे लागतात. पपईचं झाड नर निघतं, मादी निघतं आणि दोन्ही असलेलंही निघतं. परसात पपई लावणाऱ्या प्रत्येक आजीला ते ठाऊक आहे. आता, भात द्विलिंगी आहे म्हणून वर्गातल्या मुलाला मान द्या, असा माझा युक्तिवाद नाही. मान द्यायला वनस्पतीची साक्ष कशाला हवी? पण हे शब्द निदान शांतपणे, न हसता उच्चारायची सवय त्या शिवारात लागते. भातापुढे कुणी खिदळत नाही.

मग करायचं काय? मी मोठं काही सांगत नाही. पोषण आहाराची ताटं धुणं, वर्ग झाडणं, बाक उचलणं, पाणी आणणं, यांचे गट पटाच्या क्रमाने लावा, मुलगे-मुली असे नाही. हे आठवडाभर करून बघा, पहिल्या दोन दिवसांत तक्रार घेऊन येणारे पालक मुलग्यांचे असतील. हजेरी दर वेळी मुलग्यांपासूनच का सुरू होते, हे एकदा स्वतःला विचारा. रकाने बदलत असतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं; ती मुलं आपल्या पहिलीत बसतील, तेव्हा हजेरी घेताना आपली जीभ अडखळणार आहे. अडखळू द्या. आश्रमशाळेत असाल तर रात्रीचा विचार करा, कारण तिथे सुटका नसते. गावातला मुलगा चिडवाचिडवीतून घरी पळून तरी जातो, वसतिगृहातल्याने कुठे जायचं? तिथे एक मोठं माणूस असं हवं, की ज्याच्याकडे जायला मुलाला कारण सांगावं लागणार नाही. आणि स्वच्छतागृहाला आतून कडी हवी. हे वाक्य इतक्या मोठ्या विषयात क्षुल्लक वाटेल. पण कडी नसलेल्या दारामागे दिवसभर पाणी न पिता बसणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांत मुलीही होत्या आणि तो रांगोळीवाला मुलगाही होता.

राहिलं टोपणनाव. वर्गात टोपणनाव उच्चारलं गेलं की शिक्षकाच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते चाळीस मुलं वाचतात. तिथे भाषण नको. त्या मुलाचं खरं नाव स्पष्ट उच्चारून त्याला पुढचा प्रश्न विचारला, तरी पुरतं. मला ते सुचलं नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली. पट घसरला की ते कारणांचा रकाना स्वतः तपासायचे आणि 'घरगुती अडचण' दिसली की लाल शाईने विचारायचे: कोणती? माझ्या त्या नोंदीच्या वर्षी ते निवृत्त झालेले होते, त्यामुळे ती तशीच राहिली. आता ती दुरुस्त करता येत नाही. मुख्याध्यापक मित्रहो, येत्या एप्रिलमध्ये तुमच्यापुढे हा रकाना येईल. 'घरगुती अडचण' लिहिण्याआधी एकदा त्या घरी जाऊन या, आणि अडचण शाळेची निघाली तर तसंच लिहा.